गालातला घास आणि शाळेची वेळ: सावकाश खाणाऱ्या मुलाचा नाश्ता वेळेत कसा होईल

बशीत अर्धं अंडं, पावाचे दोन तुकडे, केळ्याच्या चार चकत्या. बसून वीस मिनिटं झाली आहेत. तिसरा घास उजव्या गालात जाऊन बसलाय आणि मूल चमच्यात स्वतःचं उलटं तोंड बघत रमलंय. "गीळ आता, गीळ," सातव्यांदा म्हणून झालं. निघायला बारा मिनिटं आहेत आणि बूट अजून पायात नाहीत.

त्या बारा मिनिटांत करण्यासारखं फारसं काही नसतं, हे आधी मान्य करून टाकावं. जे करायचं ते आदल्या रात्री, आणि पहिल्या घासाच्या आधीच्या अर्ध्या तासात. आणखी एक गोष्ट पक्की धरावी: मुलाचा जबडा आपल्या घाईने चालत नाही. खाण्याचा वेग बऱ्याच अंशी उपजत असतो. जुळ्या मुलांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात खाण्याच्या वेगातल्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग आनुवंशिक निघाला, आणि भराभर खाणाऱ्या मुलांचं वजन जास्त आढळलं. म्हणजे सावकाश चावणं हा दोष नाहीच. आपल्याला कापायचाय तो चावण्याच्या आजूबाजूला वाया जाणारा वेळ. खाली जे दिलंय ते साधारण ३ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

आधी तीन दिवस नुसतं मोजा

काही बदलू नका, बोलू नका, फक्त टिपून ठेवा: उठलं किती वाजता, खुर्चीवर बसलं कधी, पहिला घास कधी, शेवटचा कधी, आणि एकूण घास किती. समजा २८ मिनिटांत १५ घास झाले. एका घासाला ४० सेकंद धरले, आणि हे खरंच सावकाश झालं, तरी चावायला लागली १० मिनिटं. उरलेली १८ मिनिटं कुठे गेली? अन्न निवायची वाट बघण्यात, खुर्चीवरून उतरून परत चढण्यात, बोलण्यात, खिडकीबाहेर बघण्यात, किंवा "हे नको, ते दे" या वाटाघाटीत. दुरुस्ती या १८ मिनिटांत होते.

यासोबत सुट्टीच्या दिवशी एक चाचणी करा. तोच नाश्ता, तेवढाच, पण उठल्यावर तासाभराने. १५ मिनिटांत संपला तर अडचण भुकेची आणि वेळेची आहे, तोंडाची नाही. सुट्टीतही आणि रात्रीच्या जेवणालाही अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर शेवटचा भाग आधी वाचा. आणि सुट्टीत मजेत खाणारं मूल शाळेच्या दिवशीच "पोट दुखतंय" म्हणत असेल, तर नाश्त्याला हात घालण्याआधी शाळेत काय चाललंय ते शांतपणे विचारा. ताणाने भूक खरोखर मरते, ते नाटक नसतं.

सकाळची भूक रात्री ठरते

३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, ६ वर्षांपुढे ९ ते १२ तास. साडेसहाला उठायचं असेल आणि दुपारची झोप सुटली असेल, तर पाच वर्षांचं मूल रात्री साडेआठपर्यंत झोपलेलं हवं. "बिछान्यात गेलेलं" नव्हे, झोपलेलं. अर्धवट झोपेत उठवलेल्या मुलाला घास चावण्याचंही भान नसतं.

दुसरं कारण दुधाचं. झोपताना मोठा पेला भरून दूध आणि उठल्या उठल्या पुन्हा एक, असं असेल तर नाश्त्याला पोटात जागा आणि मनात इच्छा दोन्ही उरत नाहीत. २ ते ५ वर्षांच्या वयात दिवसभरात ५०० मिलिलिटरच्या आसपास दूध पुरतं. पाऊण लिटरच्या वर गेलं की ते बाकीच्या जेवणाची जागा खातं, आणि शरीरातलं लोह कमी होण्याची शक्यता वाढते. लोह कमी झालं की भूक आणखी मंदावते, म्हणजे चक्र पूर्ण. सकाळचं दूध बंद करायची गरज नाही. ते नाश्त्याच्या शेवटी द्या, १०० ते १२० मिलिलिटर.

रात्रीचं जेवण झोपेच्या दीड-दोन तास आधी उरकलं तर बरं. दप्तर, कपडे, मोजे, पाण्याची बाटली हे सगळं रात्रीच दाराजवळ. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही मोजे सकाळी शोधले जातात.

नाश्ता सगळ्यात शेवटी

बहुतेक घरांत क्रम असा असतो: उठवलं, तोंड धुतलं, ताटासमोर बसवलं, आणि मग उरलेल्या वेळात कपडे, केस, बूट. सावकाश खाणाऱ्या मुलासाठी हा क्रम उलटा करा. उठल्यावर पहिली २०–३० मिनिटं भूक नसतेच. झोपेत लाळ जवळजवळ थांबलेली असते, तोंड कोरडं असतं, आणि कोरड्या तोंडात पावाचा तुकडा नुसता फिरत राहतो. तेवढ्या वेळात बाकीची कामं होऊ द्या.

साडेसातला निघायचं असेल तर मागून मोजत या:

७:३० दाराबाहेर.
७:२५ हात-तोंड धुणं, बूट.
७:०५ ते ७:२५ नाश्ता.
६:४० ते ७:०५ शौच, दात, आंघोळ, कपडे, केस.
६:३० उठणं, दोन-चार घोट पाणी, थोडं लोळणं.

कपड्यांवर सांडण्याची भीती असेल तर वरून मोठ्या माणसाचा जुना शर्ट, मागून बटणं लावून. या क्रमाचा खरा फायदा वेगळाच आहे. नाश्ता लांबला तरी मागे कामं साचत नाहीत, त्यामुळे आपला आवाज चढत नाही. आणि आवाज चढला नाही तर मूल खातं.

दात आधी की नंतर, यावर घरोघरी वाद असतो. आधी घासले तरी चालतात, पण मध्ये निदान १५–२० मिनिटं जाऊ द्या. पेस्टच्या फेसाने जीभ काही वेळ चव नीट ओळखत नाही, फळ कडसर लागतं, आणि पहिलाच घास "छी" होतो. रात्रीचं दात घासणं मात्र कधीच सोडू नका.

खुर्ची: ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही

मोठ्यांच्या खुर्चीत बसलेलं पाच वर्षांचं मूल नीट बघा. पाय लोंबकळतात, पाठ मागे टेकत नाही, टेबल छातीपर्यंत येतं. दर मिनिटाला ते घसरतं, सावरतं, एक पाय दुमडून वर घेतं, मग उतरतंच. तोल सांभाळण्यात लक्ष गेलं की घास गालात राहतो. कंबर, गुडघे आणि घोटे साधारण काटकोनात यायला हवेत, तळपाय कशावर तरी पक्के टेकलेले हवेत, आणि टेबल कोपराच्या उंचीला. पाठीमागे घट्ट उशी, पायाखाली स्टूल किंवा चिकटपट्टीने बांधलेला जाड पुस्तकांचा गठ्ठा, एवढ्यात काम होतं. जमिनीवर मांडी घालून बसत असेल तर पाठ भिंतीला आणि ताट पोटाच्या वरच्या बाजूला येईल इतक्या उंचीवर. खर्च जवळजवळ काही नाही आणि फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

समोर पडदा नको. मोबाइल लावला की तोंड उघडतं हे खरं, पण चावणं थांबतं. डोळे पडद्याला चिकटले की घास तोंडात तसाच पडून राहतो, आणि पोट भरल्याचंही कळत नाही.

ताटात काय, किती, आणि कसं कापलेलं

आपण बहुतेक वेळा जास्त वाढतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,२०० ते १,४०० कॅलरी लागतात. एक अंडं (सुमारे ७०), अर्धा स्लाइस पाव (४०), अर्धं मध्यम केळं (५०), १२० मिलिलिटर दूध (७५). बेरीज २३५, म्हणजे दिवसाचा पाचवा-सहावा हिस्सा. सकाळसाठी हे भरपूर झालं. अंडं खात नसाल तर तीन-चार मोठे चमचे घट्ट दही किंवा पावावर शेंगदाण्याच्या बटरचा पातळ थर. प्रमाण बदलाल त्या आठवड्यात यातलंही अर्धंच वाढा. संपलेलं ताट बघणं हा मुलासाठी नवा अनुभव असतो, आणि "अजून हवं" म्हणायची संधी पहिल्यांदाच मिळते.

प्रमाणापेक्षाही महत्त्वाचा असतो पोत. एकच पदार्थ दोन तऱ्हांनी दिला तर वेळ दुप्पट-निम्मा होतो.

उकडलेलं अंडं घ्या. पिवळा बलक कोरडा असतो, लाळ शोषतो आणि टाळूला चिकटतो. तोच गालात जातो. तेच अंडं थोडं दूध घालून मऊ फेटून शिजवलं, किंवा पातळ ऑम्लेट करून बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या, तर तीन-चारदा चावून खाली उतरतं. पाव कडक भाजला तर कडा टोचतात; हलका भाजून, लोणी लावून, कडा काढून दिला तर निम्म्या वेळात संपतो. ओट्सची लापशी गार होताना घट्ट होत जाते, म्हणून वाढताना नेहमीपेक्षा पातळ ठेवा. सफरचंद किसून किंवा अगदी पातळ कापून, नाहीतर ते शाळेतून आल्यावर द्या. सकाळच्या घाईचं ते फळ नव्हे. केळं, पिकलेलं नासपती, पपई ही चालतात.

गरम अन्न हा वेळेचा छुपा चोर. ओठ भाजायच्या भीतीने मूल पाच मिनिटं फुंकर मारत बसतं आणि आपल्याला वाटतं टंगळमंगळ चाललीय. खोल वाटीऐवजी पसरट बशीत पातळ थर द्या, मूल बसायच्या पाच मिनिटं आधी वाढून ठेवा, आणि आपल्या ओठाला लावून बघा. कोमट हवं.

तुकडे मोजून ठेवा: बारा, किंवा पंधरा. एक गठ्ठा समोर आला की मुलाला त्याचा शेवट दिसत नाही. बारा तुकड्यांचा दिसतो.

घशात अडकण्याची भीती घाईच्या वेळी सगळ्यात जास्त असते. द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चार भागांत कापा. आख्खे दाणे, बदाम, पॉपकॉर्न, गाजराचे कडक गोल तुकडे पाच वर्षांखालच्या मुलाला सकाळीच काय, कधीच नकोत. शेंगदाण्याचं बटर चमच्याने गोळा करून देऊ नका, पसरूनच द्या.

पातळ पदार्थ चावावे लागत नाहीत, म्हणून अडलेल्या दिवशी केळं, दही, दूध आणि भिजवलेले ओट्स घुसळून १५०–२०० मिलिलिटरचा पेला हा चांगला पर्याय आहे. आठवड्यातून दोनदा ठीक. रोजच तोच दिला तर चावायची सवय मागे पडते आणि सहा महिन्यांनी आपण आणखी मोठ्या अडचणीत सापडतो.

निवड विचारायची असेल तर दोनातलीच, आणि आदल्या रात्री: "उद्या अंडं की दही?" सकाळी सात वाजता "काय खाशील?" हा प्रश्न विचारणं म्हणजे दहा मिनिटं स्वतःहून देऊन टाकणं.

वीस मिनिटांची बैठक

पहिला घोट पाण्याचा. मग सगळ्यात आवडीचे दोन तुकडे. मूल बसल्यापासून पहिला घास दोन मिनिटांत गेला की पुढचा वेग बरा राहतो. पहिला घास लांबला की सगळंच रेंगाळतं.

शक्यतो शेजारी बसून आपणही काहीतरी खा. ओट्याशी उभं राहून पाठमोरं "खातोयस ना?" असं विचारत राहिलं तर मूल आपल्याला बोलावण्यासाठी खाणं थांबवतं.

बडबड्या मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांना गप्प बसवलं तर रुसतात, बोलू दिलं तर घास तसाच. अशा वेळी बोलायचं काम आपल्याकडे घ्या. प्रश्न विचारू नका, गोष्ट सांगा, आणि ती थोडी थोडी: "मग त्या कासवाने दार उघडलं..." असं म्हणून आपणही एक घास घ्यायचा. ऐकणाऱ्याचं तोंड मोकळं असतं, ते चावतं. प्रश्नाला मात्र उत्तर द्यावं लागतं.

घास गालात अडकलाय असं दिसलं तर "गीळ" म्हणू नका. चार वर्षांच्या मुलाला गिळायचं कसं हे हुकमावरून जमत नाही. पाण्याचा एक लहान घोट द्या, आणि "दाढेकडे ने, कुरकुर आवाज येतो का बघू" असं म्हणा. पुढचा तुकडा पहिला उतरेपर्यंत तोंडाजवळही नेऊ नका. गालात घास असताना दुसरा भरवला की तोबरा होतो, मग उबळ, मग रडणं.

"पाच मिनिटं राहिली" याला या वयात अर्थ नसतो. वाळूचं घड्याळ, किंवा भिंतीवरच्या घड्याळात मिनिटकाटा जिथे पोचणार तिथे रंगीत टिकली. सूचना दोनच: अर्धा वेळ झाल्यावर एक, आणि तीन मिनिटं उरल्यावर "शेवटचे तीन तुकडे निवड". बाकी वेळ "लवकर", "पटपट", "बघ बरं, ताई संपवून बसलीसुद्धा" हे शब्द पूर्ण बंद. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शाळापूर्व वयाच्या मुलांना सूप देताना "संपव" असा आग्रह केला. त्याच मुलांनी आग्रह नसताना जास्त सूप प्यायलं. भावंडांत शर्यत लावणं तर आणखी वाईट: एकजण न चावता गिळतो, दुसरा हरून खाणंच सोडतो.

भरवायचं का? तीन वर्षांच्या मुलाला शेवटचे तीन-चार घास भरवले तर काही बिघडत नाही. पण पहिल्या घासापासून भरवलं तर खाणं हे आपलं काम होतं, त्याचं राहत नाही. मधला मार्ग असा: पहिली दहा मिनिटं त्याच्या हाताने, आणि काटा-चमच्याचा हट्ट न धरता. बोटांनी उचललेली पट्टी चमच्यापेक्षा लवकर तोंडात जाते.

वेळ संपली, ताट उचललं

पुष्कळांचा धीर इथेच सुटतो. वीस मिनिटं झाली की ताट उचलायचं, चेहऱ्यावर नाराजी न दाखवता: "नाश्त्याची वेळ झाली, आता बूट." काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली ही वाटणी जगभर वापरली जाते, आणि तिचा दुसरा अर्धा भाग पाळणं मोठ्यांनाच जास्त जड जातं.

पहिले तीन-चार दिवस मूल अर्धपोटी जाईल. शाळेतली खाण्याची सुट्टी किती वाजता आहे ते विचारून घ्या, आणि त्या डब्यात नेहमीपेक्षा पाच-सहा घास जास्त द्या. शिक्षिकेलाही एका वाक्यात कल्पना द्या. उरलेला पाव गाडीत खायला देऊ नका: चालत्या वाहनात घशात अडकलं तर पुढे बसलेल्याला दिसतही नाही. आणि नाश्ता टाकला म्हणून दारात बिस्कीट हातात ठेवलं, की दुसऱ्या दिवसापासून मूल त्या बिस्किटाचीच वाट बघतं.

बदल एकदम सगळे करू नका. पहिल्या आठवड्यात क्रम आणि खुर्ची, दुसऱ्या आठवड्यात प्रमाण आणि पोत, मग वेळेची मर्यादा. दोन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस मोजा. २८ वरून २० मिनिटांवर आलं असेल तर जमलं. आजारपणानंतर, लांब सुट्टीनंतर, किंवा घरी पाहुणे असताना गाडी पुन्हा घसरते. तेव्हा प्रमाण अर्ध्यावर आणून तिथून परत सुरू करा.

हे आळशीपण नसेल तर

सगळ्याच जेवणांना रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. रात्री घोरणं आणि दिवसा तोंड उघडं ठेवून श्वास घेणं हे टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढल्याचं लक्षण असू शकतं. अशा मुलाला चावणं आणि श्वास घेणं आळीपाळीने करावं लागतं, म्हणून ते सावकाश खातं. एकाच बाजूने चावत असेल तर दुसऱ्या बाजूच्या दाढा तपासा, कीड असेल. सहाव्या वर्षाच्या आसपास पुढचे दात हलू लागतात आणि मागे पहिली कायमची दाढ येते, तेव्हा काही आठवडे मऊ पदार्थच बरे. शौचाला कडक होणं हेही भूक मारतं, आणि सकाळी जास्तच.

खाताना वारंवार खोकला, ठसका किंवा उबळ, वजन न वाढणं, चेहरा फिकट पडणं, खाण्याचे पदार्थ मोजून पाच-सातच उरणं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. लक्ष एकाग्र होण्यासाठी सकाळी औषध चालू असेल तर त्यातल्या काही औषधांनी भूक कमी होते. ते नाश्त्याच्या आधी द्यायचं की नंतर, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

जाताना टिपून ठेवलेली वही न्या, आणि नाश्त्याच्या मधल्या तीन मिनिटांचं मोबाइलवरचं चित्रणही, समोरून, तोंड आणि हात दोन्ही दिसतील असं. तपासणीच्या खोलीत मूल बिस्कीट दोन मिनिटांत संपवतं.